स्थळ, साधन आणि संख्या : भौतिकशास्त्राच्या पदवी प्रात्यक्षिकांची प्रस्तावना

भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांना वेळापत्रकात, गुणपत्रिकेत आणि महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात ठरलेले स्थान असले, तरी त्यांचा हेतू काय, याविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक यांची समजूत क्वचितच एकसारखी असते. वर्गात शिकवलेला नियम प्रयोगशाळेत खरा ठरतो हे पडताळून पाहणे, असा त्याचा एक अर्थ घेतला जातो. उपकरणे हाताळण्याचा सराव, असा दुसरा. आणि लेखी परीक्षेतील उणीव भरून काढणारे गुण, असा तिसरा. या तिन्ही अर्थांत काही तथ्य आहे, परंतु तिन्हींतून प्रात्यक्षिकाचा गाभा निसटतो. मोजून हाती आलेली संख्या कोणत्या साधनाने, कोणत्या स्थळी आणि कोणत्या परिस्थितीत मिळाली, आणि म्हणून तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे ठरवण्याची शिस्त म्हणजे प्रात्यक्षिक होय, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे.

ही भूमिका मांडण्यासाठी मावळ तालुका आणि त्यातील लोणावळा यांचा आधार घेतला आहे, त्याला कारण आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येणाऱ्या या तालुक्यात लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुणे शहरात जो लागू होतो तोच येथेही लागू होतो. अभ्यासक्रम एक असला तरी हवा, उंची आणि पाऊस एक नाहीत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कड्यालगत आहे. तेथे वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो. छापील पुस्तकातील प्रयोग मात्र असा लिहिलेला असतो, की जणू तो कोणत्याही गावी, कोणत्याही महिन्यात केला तरी चालेल. पुस्तकाने गाळलेले हे स्थळ प्रयोगाच्या उत्तरात परत कसे येते, हे पाहण्यासाठी लोणावळ्याइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात विरळा सापडेल.

विद्यार्थ्याने स्वतः मोजमाप करून भौतिकशास्त्र शिकावे, ही पद्धत वाटते तेवढी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही प्राध्यापकाने मंचावर प्रयोग करून दाखवावा आणि विद्यार्थ्यांनी तो पाहावा, हीच सर्वसाधारण रीत होती. जर्मनीत फ्रीड्रिख कोलराउश यांचे प्रायोगिक भौतिकशास्त्राचे मार्गदर्शक पुस्तक १८७० मध्ये निघाले. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या देखरेखीखाली १८७४ मध्ये उभी राहिली. आणि त्याच प्रयोगशाळेतील अध्यापनातून ग्लेझब्रुक आणि शॉ यांचे प्रात्यक्षिकांचे पाठ्यपुस्तक १८८५ मध्ये तयार झाले. या पुस्तकांनी घालून दिलेला साचा, म्हणजे आधी हेतू, मग उपकरणे, सूत्र, कृती, निरीक्षणांचा तक्ता, आकडेमोड आणि शेवटी निष्कर्ष, आजही जवळजवळ त्याच क्रमाने भारतीय विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये उतरतो.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते. प्रयोगशाळा उभ्या करणे हे काम महाविद्यालयांकडे आणि त्यांतील मोजक्या उत्साही अध्यापकांकडे राहिले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली आणि प्रकाशाचे वर्णपट घेण्याची उपकरणे पुण्यात आणली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथून घेतले. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली, आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर मावळ त्याच्या कक्षेत आला. या प्रवासात प्रात्यक्षिकांचा प्रसार झाला, मात्र त्याबरोबर प्रयोगांची एक ठरीव यादीही रूढ झाली. दोलक, जडत्वचक्र, यंगचा गुणांक, स्पेक्ट्रोमीटर, न्यूटनची वलये, केरी फॉस्टरचा पूल आणि पोटेंशियोमीटर हे प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या त्याच रूपात होत राहिले, आणि त्यांची उत्तरे प्रयोगापूर्वीच सर्वांना पाठ झाली.

उत्तर आधीच माहीत असण्याचा परिणाम प्रात्यक्षिकाच्या रोजच्या व्यवहारात स्पष्ट दिसतो. श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तासांचे काम अपेक्षित असते. हे तास बॅचमध्ये विभागले जातात, आणि एकेका उपकरणावर दोन, कधी तीन, तर कधी चार विद्यार्थी असतात. एक जण दुर्बिणीतून पाहतो, दुसरा रीडिंग लिहून घेतो, तिसरा कॅल्क्युलेटर चालवतो. कच्च्या वहीतील आकडे शिक्षकांनी तपासून सही केल्यावर घरी पक्क्या जर्नलमध्ये उतरवले जातात, आणि सत्राच्या शेवटी प्रमाणित केलेले जर्नल दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक, ज्याला सर्वत्र एक्स्टर्नल म्हटले जाते, उत्तर पाहतो आणि तोंडी परीक्षा घेतो. या साखळीत गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.७५ आले तर विद्यार्थ्याला भीती वाटते, आणि ९.८१ आले तर कोणी काही विचारत नाही. साहजिकच सूत्रात अपेक्षित उत्तर घालून उलट गणिताने रीडिंग काढण्याची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत रीडिंग सेट करण्याची, प्रथा वाढते. तिला निव्वळ अप्रामाणिकपणा म्हणून सोडून देणे अपुरे आहे. ज्या व्यवस्थेत मापनापेक्षा उत्तराला मोल दिले जाते, त्या व्यवस्थेचे ते तर्कशुद्ध फळ आहे, आणि त्यावरचा उपायही म्हणूनच उत्तराच्या मूल्यमापनात शोधावा लागतो.

या संदर्भात सर्वांत साधा, म्हणून सर्वांत बोधप्रद प्रयोग म्हणजे साध्या दोलकाने गुरुत्व त्वरण काढण्याचा. पुस्तकातील ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग हे मूल्य लंडनच्या आसपासच्या अक्षांशांवरचे आहे. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलेले ९.८०६६५ हे प्रमाण मूल्यही सोयीसाठी ठरवलेली संख्या आहे, कोणत्याही एका गावचे मोजमाप नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे, त्यामुळे कमी अक्षांशांवर गुरुत्व त्वरण कमी असते. उंचीबरोबर ते आणखी घटते. लोणावळ्याचा अक्षांश सुमारे १८.७५ अंश आणि उंची सुमारे ६२० मीटर घेऊन गणित केले, तर तेथील मूल्य साधारण ९.७८४ येते. पुस्तकातील मूल्याशी त्याचा फरक ०.०२६, म्हणजे सुमारे पाव टक्का आहे. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला हा पाव टक्का दिसू शकेल काय, या एका प्रश्नात प्रात्यक्षिकाचे जवळजवळ सर्व शास्त्र सामावलेले आहे.

एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल, म्हणजे एक पूर्ण झोका घेण्यास लागणारा वेळ, सुमारे २.०१ सेकंद असतो. हाताने स्टॉपवॉच सुरू-बंद करताना होणारी चूक साधारण ०.२ सेकंदाची धरली, तर २० दोलनांच्या ४० सेकंदांत ती अर्धा टक्का होते. आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात ती दुप्पट, म्हणजे एक टक्का होऊन उतरते. अशा प्रयोगातून मिळालेले ९.८१ आणि ९.७८ हे आकडे वेगळे आहेत असे म्हणण्याचा अधिकारच विद्यार्थ्याला नसतो. दोलने १०० घेतली, तर एकूण वेळ सुमारे २०१ सेकंद होतो, आणि दोन मूल्यांमुळे पडणारा फरक ०.२७ सेकंद भरतो. तो हाताच्या चुकीपेक्षा किंचितच मोठा आहे. हेच मापन दहा वेळा करून सरासरी घेतली, तर यदृच्छेने होणारी चूक दहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास तिपटीने घटते, आणि लोणावळ्याचे गुरुत्व पुस्तकातील गुरुत्वापासून वेगळे दिसू लागते. मात्र त्यासाठी धाग्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत एका मिलिमीटरच्या आत माहीत असावी लागते, कारण एक मीटरमध्ये २.७ मिलिमीटरची चूकही हा सगळा फरक गिळून टाकते.

या प्रयोगात आणखी एक सापळा आहे आणि तो पुनरावृत्तीने टळत नाही. दोलकाचे नेहमीचे सूत्र अगदी लहान झोक्यांसाठीच खरे असते. झोका मोठा असेल, तर आवर्तकाल किंचित वाढतो. सुरुवातीचा कोन १० अंशांचा ठेवला, तर ही वाढ सुमारे ०.१९ टक्के असते, आणि तिच्यामुळे गुरुत्व त्वरणाचे उत्तर सुमारे ०.३८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ०.०४ ने कमी येते. लोणावळा आणि लंडन यांच्या गुरुत्वांतील फरकापेक्षा हा परिणाम मोठा आहे. स्टॉपवॉच चालवताना होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या चुकीला यादृच्छिक त्रुटी म्हणतात. ती कधी वर, कधी खाली जाते आणि सरासरीने कमी होते. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. ती दर वेळी एकाच दिशेने ओढते, आणि हजार रीडिंग घेतली तरी तशीच राहते. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे कारण शोधणे. हेन्री केटर यांनी १८१७ मध्ये उलटसुलट टांगता येणारा दोलक वापरला, तोही गोळ्याचे गुरुत्वमध्य शोधण्यातून येणारी अशीच एक पद्धतशीर त्रुटी काढून टाकण्यासाठी; बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत केटरचा दोलक अजून टिकून आहे, तो याच गुणामुळे.

उष्णतेच्या प्रयोगांत स्थळाचा हात आणखी उघड दिसतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर असणारा फोर्टिनचा वायुभारमापक समुद्रकिनारी ७६ सेंटिमीटर पारा दाखवतो. लोणावळ्यात तो ७० ते ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि पावसाळ्यात हिवाळ्यापेक्षा थोडा खालीच राहतो. हवेचा दाब कमी झाला, की पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे तेथे उकळत्या पाण्याच्या वाफेचे तापमान १०० अंशांऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सियस असते. तापमापकाचे वरचे स्थिर चिन्ह तपासताना किंवा वाफेची अप्रकट उष्णता मोजताना विद्यार्थ्याने वाफेचे तापमान न पाहता १०० लिहिले, तर दोन अंशांची पद्धतशीर त्रुटी त्याने स्वतःच्या हाताने प्रयोगात घातलेली असते. भिंतीवरचा वायुभारमापक अनेकदा निव्वळ शोभेचा राहतो. वास्तविक उष्णतेच्या प्रत्येक प्रयोगाची सुरुवात त्याच्या वाचनाने झाली पाहिजे.

बर्फाच्या द्रवणाची अप्रकट उष्णता काढण्याचा प्रयोग तर महिन्यागणिक बदलतो. या प्रयोगात कॅलरीमापक, म्हणजे उष्णता मोजण्याचे तांब्याचे भांडे, त्यातील कोमट पाण्यात बर्फ टाकून थंड केले जाते. भोवतालच्या हवेशी होणारी उष्णतेची देवघेव उणे-अधिक होऊन मिटावी, म्हणून सुरुवात खोलीच्या तापमानापेक्षा काही अंश वर आणि शेवट तितकेच अंश खाली ठेवण्याची जुनी युक्ती आहे, तिला रमफर्डची दुरुस्ती म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस खोलीचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के धरली, तर हवेतील बाष्प दवाच्या रूपाने जमू लागते ते तापमान, म्हणजे दवबिंदू, सुमारे ९ अंशांवर असतो, आणि ही युक्ती निर्धोक चालते. जुलैत तेच आकडे २४ अंश आणि ९० टक्के धरले, तर दवबिंदू २२ अंशांच्या आसपास येतो. भांडे खोलीच्या तापमानाखाली दोन-तीन अंश उतरले, की त्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरू लागते, आणि ते जमताना आपली उष्णता भांड्याला देते. एक ग्रॅम बाष्प द्रवरूप होताना सुमारे २४५० जूल उष्णता बाहेर पडते, तर एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ३३४ जूल पुरतात. म्हणून १० ग्रॅम बर्फाच्या प्रयोगात दशांश ग्रॅम दव जमले, तरी उत्तर सुमारे सात टक्क्यांनी कमी येते. शिवाय प्रयोगाअंती भांडे न पुसता तोलले, तर हे दव बर्फाच्या वजनात मोजले जाते, आणि उत्तर आणखी खाली घसरते. पुण्यात कोरड्या दिवसात केलेल्या प्रयोगाचे जर्नल पाहून लोणावळ्यात पावसाळ्यात प्रयोग करणारा विद्यार्थी याच ठिकाणी फसतो, आणि दोष बर्फाला किंवा तापमापकाला देतो.

ओलाव्याचा दुसरा परिणाम उपकरणांच्या आयुष्यावर होतो, आणि तो लॅब असिस्टंट इतका कोणाला माहीत नसतो. चार महिने दमट राहणाऱ्या खोलीत भिंगांवर आणि लोलकांवर बुरशीचे जाळे धरते, आरशांचा चंदेरी मुलामा काळवंडतो, आणि रोधपेटीच्या पितळी खुंट्यांवर गंज व मळ यांचा पातळ थर बसतो. केरी फॉस्टरच्या पुलासारख्या प्रयोगात ओहमच्या शतांशापर्यंतचे रोध मोजायचे असताना खुंटी आणि तिचे छिद्र यांमधील अस्वच्छ जोडच तितका रोध देऊ शकतो. धारित्राचा भार हळूहळू निसटू देऊन मोठा रोध काढण्याच्या प्रयोगात तर निरोधक पृष्ठभागावरचा ओलावा भाराला दुसरी वाट करून देतो, आणि मोजलेला रोध अपेक्षेपेक्षा कमी येतो. कपाटात सिलिका जेल ठेवणे, पावसाळ्यात पेटीत लहान दिवा तेवत ठेवणे, खुंट्या वापरापूर्वी पुसून फिरवून घट्ट बसवणे, प्रकाशाचे प्रयोग शक्यतो नोव्हेंबरनंतर लावणे, ही कामे वेळापत्रकात नोंदली जात नाहीत, पण त्यांच्याशिवाय प्रयोगाच्या अचूकतेची चर्चा पोकळ ठरते. उपकरणाची निगा हाही प्रात्यक्षिकाचाच भाग आहे, आणि तो विद्यार्थ्याच्या हातून होणे हितावह आहे.

चुंबकत्वाच्या प्रयोगांत स्थळ आणखी वेगळ्या वाटेने येते. टँजंट गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे विद्युतप्रवाहाने चुंबकसूचीला पडलेला कोन मोजणारे उपकरण, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाशी प्रवाहाची तुलना करते. पश्चिम महाराष्ट्रात हा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला असतो. ही संख्या जर्नलमध्ये बिनदिक्कत लिहिली जाते, पण ती किती जपून मिळवावी लागते, याचा इतिहास मावळापासून फार दूर नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येऊन त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार असे दिसताच तेथील नानाभाई फ्रामजी मूस यांनी निरीक्षणे अलिबागला हलवली, आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी आणि नवी मालिका एकमेकींशी जुळवून घेतली. स्थळ बदलले की संख्या बदलते, आणि तो बदल मोजल्याशिवाय मालिका पुढे नेता येत नाही, हे तत्त्व या निर्णयामागे होते. टेबलाचे लोखंडी पाय किंवा शेजारचे पोलादी कपाट दुर्लक्षून ३८ मायक्रोटेस्ला लिहिणारा विद्यार्थी नेमके हेच तत्त्व विसरतो.

लोणावळ्याच्या पायाखालचा खडकही या बाबतीत निष्क्रिय नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि त्यातील लोहयुक्त खनिजांनी थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली आहे. दख्खनच्या या खडकांवर १९५० च्या दशकात इंग्लंडमधील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी मोजमापे केली, आणि लाव्हा वाहिला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, या निष्कर्षाला त्यांतून बळ मिळाले. चांगली चुंबकसूची बेसाल्टच्या निरनिराळ्या तुकड्यांजवळ नेऊन तिचे विचलन नोंदवणे, हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही.

मोजण्याची आणि साधने घडवण्याची परंपरा या तालुक्याला परकी नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला, तेव्हा देशी काचनिर्मितीचे शिक्षण हा त्याच्या उद्दिष्टांचा भाग होता. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात योगक्रियांच्या प्रायोगिक तपासणीचे निष्कर्ष मांडले. नौली क्रियेत शरीराच्या आत निर्माण होणारा अंशतः निर्वात त्यांनी मॅनोमीटरने, म्हणजे नळीतील द्रवाच्या उंचीवरून दाब सांगणाऱ्या साधनाने, मोजला आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्याला माधवदास निर्वात असे नाव दिले. परंपरेने चालत आलेल्या दाव्याला मोजपट्टी लावून पाहण्याची ही वृत्ती पदवीच्या प्रयोगशाळेत रुजवायची आहे.

ऊर्जेच्या अभ्यासासाठी तर लोणावळ्याची तळी हा उघडा प्रयोगच आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी १९११ मध्ये झाली, आणि १९१५ पासून लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून तयार केलेली वीज मुंबईला जाऊ लागली. पाण्याचा हा उतार ५०० मीटरहून अधिक आहे. उंची ५०० मीटर धरली, तर एक घनमीटर पाणी उतरताना सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा, म्हणजे घरगुती वीजमीटरच्या भाषेत सुमारे १.३६ युनिट, मोकळी करते. हेच पाणी काही काम न करता कोसळले आणि सर्व ऊर्जा त्यातच राहिली, तर त्याचे तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढेल. जेम्स जूल यांनी १८४७ मध्ये आल्प्समधील धबधब्यांत हाच फरक मोजण्याचा प्रयत्न केला होता, आणि तुषार उडून पाणी वाटेतच हवेशी मिसळत असल्यामुळे तो फसला. जूलच्या विद्युत कॅलरीमापकाचा प्रयोग करून ४.१८ हा आकडा मिळवणाऱ्या विद्यार्थ्याने घाटातील पाण्याचे हे गणित केले, तर त्या आकड्याला वजन येते.

अलीकडच्या वर्षांत प्रयोगशाळेची साधने झपाट्याने बदलली आहेत. काट्याच्या मीटरची जागा डिजिटल मीटरने घेतली, जोडण्या आधीच केलेले तयार संच आले, आणि २०२० च्या टाळेबंदीत संगणकावरच्या आभासी प्रयोगांची सवय लागली. या बदलांत लाभ पुष्कळ आहेत, पण एक धोकाही आहे. पडद्यावर दिसणारे दशांशचिन्हापुढचे आकडे अचूकतेचा भास निर्माण करतात. मोबाइलचे स्टॉपवॉच सेकंदाचा शतांश दाखवते, म्हणून ते चालवणाऱ्या बोटाची ०.२ सेकंदाची चूक नाहीशी होत नाही. साधनाने दाखवलेला सर्वांत लहान भाग, म्हणजे लघुतम माप, आणि मापनाची खरी अनिश्चितता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आता पूर्वीपेक्षा अधिक आग्रहाने शिकवावे लागते. उलट, त्याच मोबाइलमध्ये अनेकदा वायुदाब आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारे संवेदक असतात. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास उतरताना दाब सुमारे ६० मिलिबारने वाढतो, आणि हा बदल घाटातून जाणाऱ्या कोणत्याही बसमध्ये नोंदवून उंची आणि दाब यांचा आलेख काढता येतो. आभासी प्रयोगात मात्र पाऊस पडत नाही, दव धरत नाही आणि खुंटी सैल होत नाही; सराव म्हणून त्याचा उपयोग जरूर व्हावा, पण खऱ्या प्रयोगाची जागा त्याला देता येत नाही.

या सर्व विवेचनातून मूल्यमापनाविषयी एक मागणी पुढे येते. प्रयोगाच्या उत्तराला गुण देताना ते पुस्तकातील मूल्याच्या किती जवळ आहे हे पाहण्याऐवजी, विद्यार्थ्याने सांगितलेल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत ते बसते काय, आणि बसत नसेल तर त्याने त्याचे कारण शोधले आहे काय, हे पाहिले जावे. झोका मोठा ठेवल्यामुळे ९.७५ आले असे दाखवून देणारे जर्नल, कारणाविना ९.८१ लिहिणाऱ्या जर्नलपेक्षा श्रेष्ठ मानले जावे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने सूत्राची व्याख्या विचारण्याऐवजी कच्च्या वहीतील एखादे विसंगत रीडिंग दाखवून त्यावर प्रश्न विचारावा, आणि कच्ची वही पक्क्या जर्नलइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची मानावी. खाडाखोड हा दोष नाही. खोडलेला आकडा वाचता न येणे हा दोष आहे.

त्याचबरोबर प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेचे एक स्थानिक कोष्टक तयार करावे आणि ते दर वर्षी विद्यार्थ्यांच्याच मोजमापांनी सुधारत न्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. त्या कोष्टकात स्थळाचा अक्षांश व उंची, गुरुत्व त्वरण, महिन्यानुसार वायुभार, पाण्याचा उत्कलनबिंदू आणि दवबिंदू, प्रयोगाच्या टेबलावरील चुंबकीय क्षेत्र, आणि प्रत्येक महत्त्वाच्या उपकरणाची ज्ञात त्रुटी नोंदलेली असावी. प्रत्येक नोंदीपुढे तिची अनिश्चितता आणि ती मोजणाऱ्या बॅचचे वर्ष लिहिलेले असावे. लोणावळ्याचे कोष्टक तळेगावच्या कोष्टकाशी आणि पुण्याच्या कोष्टकाशी ताडून पाहिले, तर तीनही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना आपल्या उत्तरांतील फरकाचे कारण शोधण्यास खरी सामग्री मिळेल. हे काम महागड्या उपकरणांची वाट पाहत नाही. दोलक, वायुभारमापक, ओला आणि कोरडा तापमापक व चुंबकसूची एवढ्यावर त्याचा आरंभ करता येतो, आणि पहिल्या वर्षाची बॅच पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तीन पावसाळ्यांच्या नोंदी त्यात जमा झालेल्या असतात.